लांबलचक इंग्रजी शब्द कसा फोडावा

पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की विदर्भातल्या घरोघरी ‘इन्सेक्टिसाइड’सारखे शब्द येतात, आणि सातवी-आठवीतले मूल पहिला तुकडा वाचून पुढचे अंदाजाने म्हणते. असे शब्द वहीत उतरवून द्यावेत. बाटली, मग ती रिकामी का असेना, मुलांच्या हाती कधीही देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

प्रथम शब्दाचे शेपूट पाहावे. ‘साइड’ हा तुकडा ‘ठार मारणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. तो बाजूला केला की ‘इन्सेक्ट’ म्हणजे कीटक आणि जोडणारा एक स्वर एवढेच उरते. आपल्या ‘कीटकनाशक’ शब्दात ‘नाशक’ जे काम करतो, तेच तिथे ‘साइड’ करतो. हे मुलाला एकदा दाखवले की बुरशीसाठीचे ‘फंजिसाइड’ आणि तणासाठीचे ‘हर्बिसाइड’ ते स्वतःच उलगडते. म्हणून अर्थाचे तुकडे आधी आणि उच्चाराचे नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

त्यानंतर उच्चार फोडावा. त्यासाठी लिहिलेले स्वर न मोजता ऐकू येणारे स्वर मोजावेत, कारण ‘साइड’च्या शेवटचा ‘ई’ मुका असतो. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हटल्यास प्रत्येक स्वराला हनुवटी खाली येते. दोन स्वरांमध्ये दोन व्यंजने असतील तर बहुधा त्यांच्या मधून तोडावे: इन-सेक-टि-साइड. मात्र ‘श’, ‘च’ किंवा ‘थ’ असा एकच ध्वनी देणारी अक्षरांची जोडी तोडू नये.

शेवटी ‘शन’ असलेल्या शब्दांत टी, आय, ओ, एन ही चार अक्षरे मिळून एकच तुकडा होतो, आणि जोर त्याच्या लगेच आधीच्या तुकड्यावर पडतो. ‘इरिगेशन’, म्हणजे सिंचन, हा शब्द इ-रि-गे-शन असा फोडून ‘गे’ ठासून म्हणावा. मराठीच्या सवयीने आपण सगळे तुकडे सारख्याच वजनाने म्हणतो, त्यामुळे हा सराव मोठ्याने करून घ्यावा.

उपसर्ग ओळखताना घाई करू नये. ‘अनलोड’मधला ‘अन’ काढल्यावर ‘लोड’ हा खरा शब्द उरतो. ‘अंकल’च्या आरंभीही यू आणि एन हीच अक्षरे असली, तरी ती काढल्यावर अर्थाचे काहीच उरत नाही, म्हणून तो उपसर्ग नव्हे.