पक्ष्याच्या पायातला दोरा

संग्रहालयात पक्ष्यांचे नमुने तयार करायला शिकले तेव्हा सगळा जीव कातडं न फाटता सोलण्यात आणि कापूस नीट भरण्यात अडकलेला असायचा. लेबल बांधायला हाताला लागेल तो दोरा घ्यायचे. मग एकदा पर्णवटवट्यांचा खण ओढला, तर तीन हिरवट पक्षी आणि तळाशी तीन सुटी लेबलं. दोरे भोकापाशी झिजून तुटले होते. कुठला पक्षी कुठे, कधी मिळाला, हे त्या लेबलांखेरीज कुठेच लिहिलेलं नव्हतं. कातडी अजून सुबक होती, पण अभ्यासाच्या दृष्टीने वाया गेली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

साधा सुती दोरा वाईट नाही, पण पक्ष्याच्या पायातून चरबी झिरपते, हवेने ती आंबट होते आणि दोरा पिवळा पडून ठिसूळ होतो. रेशीम आणि लोकर टाळाच: कातडं खाणारे भुंगेरे तेही खातात, शिवाय रेशीम उजेडाने विरतं. नायलॉनही उजेडाने कमजोर होतं आणि एकपदरी असेल तर गाठ सुटते. तार गंजते. माझी पसंती न रंगवलेल्या, आखूड तंतूंपासून कातलेल्या पॉलिएस्टरला. तो किंचित खरखरीत असतो, म्हणून गाठ धरतो. पारंपरिकच हवा असेल तर लिनन घ्या, सुतापेक्षा चिवट असतो.

रिळावर लिहिलेल्यावर विसंबू नका. तुकडा जाळून बघा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रंगाची शंका असेल तर तुकडा स्पिरिटमध्ये बुडवून पांढऱ्या टिपकागदात दाबून ठेवा.

बांधताना सुरगाठ नको, निरगाठ मारा. पॉलिएस्टरला वर आणखी एक वेढा द्या. दोन्ही पाय एकमेकांवर ठेवून दोरा दोघांभोवती घ्या. एक गाठ लेबलाच्या भोकाजवळ, एक पायाशी. मधला दोरा लांब ठेवलात तर तो शेजारच्या पक्ष्याच्या नखांत अडकतो आणि खण ओढताना पाय मोडतो.

जुन्या नमुन्याला नवं लेबल लावायचं तर वेगळ्या दोऱ्याने लावा, जुनं कापू नका; नमुना कुणाचा, याचा तोही पुरावा असतो. ब्रिटिश सैनिक आणि पक्षिअभ्यासक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेनने दुसऱ्यांचे पक्षी चोरून त्यांवर स्वतःची लेबलं लावली होती. १९१४ साली मिळाल्याचा दावा केलेला त्याचा रानपिंगळा (एक दुर्मिळ घुबड) खरं तर जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला होता. कातडं कुणाच्या हातचं आहे, हे ते तयार करण्याच्या पद्धतीवरून ओळखून संशोधकांनी ही चोरी उघड केली. म्हणून जुना दोरा आपोआप तुटला तरी मी तो छोट्या पाकिटात घालून नमुन्यासोबतच ठेवते. हे करताना हातमोजे घाला, जुन्या कातड्यांना अनेकदा आर्सेनिक लावलेलं असतं.