ऑनलाइन बुद्धिबळ: सावकाश खेळणाऱ्याशी खेळताना या चुका टाळा

पंधरा मिनिटांच्या डावात समोरच्या खेळाडूने अकराव्या चालीलाच चार मिनिटे घेतली, की आपला जीव वरखाली होऊ लागतो. वास्तविक ती चार मिनिटे त्याच्या घड्याळातून गेलेली असतात आणि आपल्या घड्याळातला एक सेकंदही कमी झालेला नसतो. तरीही चॅटच्या चौकटीत ‘झोपलात का?’ असे लिहिण्याचा मोह आवरत नाही. मलाही तो अनेक वर्षे आवरत नव्हता. साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या मामांबरोबर दर रविवारी लिचेस या संकेतस्थळावर बुद्धिबळ खेळू लागल्यापासून ती खोड हळूहळू सुटली. मामा एकाहत्तर वर्षांचे आहेत, त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे आणि ते लहान पडद्याच्या जुन्या मोबाइलवर खेळतात. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक मी त्यांच्याशी खेळतानाच केल्या.

वेळ चुकीचा निवडायचा आणि राग समोरच्यावर काढायचा

सावकाश खेळणाऱ्याबद्दलची निम्मी चिडचिड डाव सुरू होण्यापूर्वीच, वेळ निवडताना, ओढवून घेतलेली असते. लिचेसवर डावाचा प्रकार ठरवताना सुरुवातीचा वेळ अधिक प्रत्येक चालीला मिळणाऱ्या जादा सेकंदांची चाळीसपट, असा हिशेब केला जातो. त्यामुळे दहा मिनिटे आणि जादा वेळ शून्य असा डाव ६०० सेकंदांचा धरला जातो, तर पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद असा डाव १३०० सेकंदांचा. दोन्ही डाव जलद याच गटात मोडतात, परंतु त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रकारात शेवटची दोन मिनिटे बुद्धीची राहत नाहीत, ती बोटांची होतात. दुसऱ्या प्रकारात कितीही अडचण आली तरी पुढच्या चालीसाठी दहा सेकंद हाताशी असतातच.

प्रत्येक चालीनंतर काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाच्या पेटंटसाठी माजी विश्वविजेते बॉबी फिशर यांनी १९८८ साली अर्ज केला आणि १९९२ साली त्यांचे जुने प्रतिस्पर्धी स्पास्की यांच्याशी झालेल्या त्यांच्या सामन्यात तसे घड्याळ वापरले गेले. जिंकत आलेला डाव केवळ वेळ संपल्यामुळे हातचा जाऊ नये, हाच त्यामागचा विचार होता. तेव्हा वयस्कर व्यक्तीला, लहान मुलाला किंवा नुकत्याच शिकलेल्या मित्राला आव्हान पाठवताना जादा सेकंदांचा आकडा शून्यावर ठेवू नये. तेवढाही वेळ पुरत नसेल, तर एका चालीला एक ते चौदा दिवस देणारा पत्रव्यवहारी डाव त्याच संकेतस्थळावर उपलब्ध आहे.

मी मात्र सुरुवातीचे दोन महिने मामांना दहा मिनिटे आणि जादा वेळ शून्य याच डावाला बसवत होतो, कारण ते मला सोयीचे होते. एका डावात मामांकडे एक हत्ती आणि दोन प्यादी जास्त होती, पण घड्याळात उरले होते अठरा सेकंद. माझ्याकडे एक हत्ती होता. मी त्या हत्तीने बाजूने, मागून, पुन्हा बाजूने असे निरर्थक शह देत राहिलो आणि मामांचा वेळ संपवून डाव जिंकला. माझ्याकडे नुसता राजा उरला असता तर वेळ संपूनही डाव बरोबरीतच सुटला असता, कारण मात करण्याइतके बळ नसलेल्याला त्या नियमाने विजय मिळत नाही. माझा विजय नियमात चोख बसत होता. थोड्या वेळाने मामांचा फोन आला. “हरलो खरा, पण नक्की कशाने हरलो ते कळले नाही रे,” एवढेच ते म्हणाले.

संथपणाचे कारण न शोधणे

मामा फार विचार करतात, असे मी गृहीत धरले होते. दिवाळीला साताऱ्याला गेल्यावर त्यांच्या शेजारी बसून त्यांचा एक डाव पाहिला, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. चाल त्यांना पाच-सात सेकंदांतच सुचत होती. उरलेला वेळ ते घोड्यावर बोट ठेवून, तो ओढत ओढत, नेमक्या घरावर सोडण्यात घालवत होते, कारण पूर्वी दोन-तीनदा मोहरा शेजारच्या घरात पडून त्यांचा वजीर फुकट गेला होता. ज्याला मी विचार समजत होतो, तो चक्क नेम धरण्याचा वेळ होता.

त्यावरचा उपाय सेटिंग्जमध्येच सापडला. मोहरा ओढण्याऐवजी आधी मोहऱ्यावर आणि मग रिकाम्या घरावर टिचकी मारून चाल करण्याची सोय तेथे आहे. शिवाय चाल केल्यानंतर ती नक्की करण्यासाठी आणखी एक बटण दाबावे लागेल, अशीही व्यवस्था करता येते. या दुसऱ्या सोयीने प्रत्येक चालीत सेकंदभर जातो, पण चुकून पडलेली चाल वाचते. या दोन बदलांनंतर मामांचा वेळ पूर्वीच्या मानाने बराच शिल्लक राहू लागला. आपल्या परिचयाचे कोणी संथ खेळत असेल, तर त्याच्या खेळाला नावे ठेवण्यापूर्वी त्याच्या मोबाइलची मांडणी पाहावी.

तुटलेल्या नेटवर्कला उद्धटपणा समजणे

लिचेसवर खेळाडूच्या नावाशेजारचे चिन्ह तो जोडलेला आहे की नाही हे दाखवते, आणि संपर्क तुटलेला राहिला तर काही वेळाने विजयाचा दावा करण्याची, बरोबरी मान्य करण्याची किंवा थांबण्याची अशा तिन्ही वाटा समोर येतात. पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या एसटीत बसून कोणी खेळत असेल, तर खंबाटकी घाटात नेटवर्कने दगा दिला म्हणून त्याला पळपुटे ठरवण्यात अर्थ नाही. गुणांकनाच्या, म्हणजे ज्याच्या निकालाने खेळाडूचे गुण बदलतात अशा, डावात विजयाचा दावा करणे हा तुमचा हक्क आहेच. ओळखीच्या माणसाशी बिनगुणांकनाचा डाव चालला असेल, तर मात्र थांबावे.

घाई करवणे आणि उपकार करणे

वारंवार बरोबरीचा प्रस्ताव पाठवणे, चाल मागे घेण्याची विनंती पुन्हा पुन्हा करणे आणि चॅटमध्ये प्रश्नचिन्हे टाकणे, ही तिन्ही एकाच जातीची वर्तने आहेत. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीतील ११.५ हे कलम प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करण्यास किंवा त्याला त्रास देण्यास मनाई करते, आणि त्यात बरोबरीच्या अवाजवी प्रस्तावांचा स्पष्ट उल्लेख आहे. पटासमोर बसलेल्या माणसाला जे करण्याची आपली हिंमत होणार नाही, ते पडद्याआडून करू नये.

याच्या उलट टोकाची चूक भल्या माणसांकडून होते. लिचेसवर प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळाजवळच्या अधिकच्या चिन्हावर टिचकी मारली, की त्याला पंधरा सेकंद जास्त मिळतात. ही फार सुंदर सोय आहे, पण न विचारता तिचा मारा केला तर समोरच्याला आपली कीव केली जात आहे असे वाटते. मामांना मी एकदा असेच दीड मिनिट बहाल केले, तेव्हा त्यांनी “मला भीक नको” असे लिहून डाव सोडून दिला होता. अशी सवलत द्यायची की नाही, हे डावाआधी बोलून ठरवावे. चाल मागे घेऊ देण्याचेही तसेच आहे. बोट घसरले असेल तर चाल परत द्यावी आणि हिशेब चुकला असेल तर देऊ नये, असा आमचा आता करार आहे.

मुद्दाम वेळ काढणाऱ्याशी वाद घालणे

मात दोन चालींवर आलेली दिसताच पट तसाच सोडून घड्याळ संपण्याची वाट पाहत बसणारे महाभाग असतातच, आणि त्यांना संथ खेळाडूंच्या पंक्तीत बसवणे हा संथ खेळाडूंवर अन्याय आहे. फरक ओळखणे कठीण नाही. संथ खेळाडू सुरुवातीपासूनच संथ असतो. वेळकाढू खेळाडू जिंकत असेपर्यंत भराभर खेळतो आणि हरू लागल्यावर अचानक गप्प होतो. त्याच्याशी चॅटवर हुज्जत घातली तर त्याला हवे तेच मिळते. त्याचा वेळ संपू द्यावा, विजय घ्यावा आणि तक्रारीचे बटण वापरावे. असे वारंवार करणाऱ्यांवर लिचेसकडून तात्पुरती खेळबंदी घातली जाते.

हे भांडण काही आजचे नाही. लंडनला १८५१ साली झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चालीला वेळेचे बंधन नव्हते, आणि एलिजा विल्यम्स या इंग्लिश खेळाडूच्या संथपणावर त्यांचे प्रतिस्पर्धी हॉवर्ड स्टॉन्टन यांचा मोठा रोष होता. त्या दोघांत तिसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या सामन्यात जिंकले मात्र विल्यम्सच. पुढे १८६१ साली अँडरसन आणि कोलिश या खेळाडूंच्या सामन्यात वाळूची घड्याळे आली आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन तबकड्यांचे जोडघड्याळ आले. घड्याळ आल्यावर कोणी किती वेळ घ्यायचा हा प्रश्न निकालात निघाला. नेमून दिलेल्या वेळात समोरचा काय करतो याची उठाठेव करण्याचे कारण तेव्हापासूनच उरलेले नाही.

समोरच्याचा वेळ वाया घालवणे

प्रतिस्पर्धी विचार करत असताना दुसऱ्या खिडकीत रील्स पाहणे ही माझी सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडलेली चूक आहे. त्याच्या घड्याळावर आपल्याला फुकट विचार करता येतो, आणि पटावर त्याच्या बाजूने पाहण्याची तीच वेळ असते. गेल्या रविवारी मामांनी सोळाव्या चालीला सहा मिनिटे घेतली. मी तेवढ्यात चहा टाकायला उठलो, आले किसले, दूध उतू जाता जाता वाचवले आणि कप घेऊन परत आलो, तेव्हा त्यांचा उंट कोपऱ्यातून निघून एका बाजूला येऊन बसलेला होता आणि माझ्या वजिराला जायला एकही घर उरलेले नव्हते. पुढच्या चालीला मी सात मिनिटे घेतली. मामांनी चॅटमध्ये एक अक्षरही लिहिले नाही.