केनिया की युगांडा? दोन्हीकडून ऑफर आल्यावर काय ताडून बघायचं

आपल्याकडच्या साखर कारखान्यातल्या पॅनमनला किंवा शिरोलीच्या फौंड्रीतल्या फिटरला दोन्हीकडून बोलावणं आलं, तर आधी पगाराचं चलन बघा. दोन्ही देशांत शिलिंगच चालतो, पण केनियाच्या एका शिलिंगला युगांडाचे वीसहून जास्त शिलिंग मिळतात. आकडा मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. दोन्ही पगार रुपयांत आणा. त्यातून घरभाडं, मुलांची फी आणि वर्षाचं विमानभाडं वजा करा. उरेल तो खरा पगार.

कोणता देश राहायला बरा, हे नुसत्या मानव विकास निर्देशांकावरून ठरवू नका. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न धरतात. वीज-पाणी त्यात नाही, आणि तो आकडाही अख्ख्या देशाची सरासरी. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर, तिथं मलेरिया कमी. व्हिक्टोरिया सरोवराकाठचं किसुमू केनियातच आहे, पण मलेरियाच्या बाबतीत ते युगांडातल्या जिंजाच्या जवळचं. म्हणून देशापेक्षा गाव बघा: मोठं हॉस्पिटल किती तासांवर, क्वार्टरला जनरेटर आहे का, विमा घरच्यांना लागू होतो का. हे करारात लिहून घ्या, फोनवरचं काही खरं नसतं.

पीतज्वराची (यलो फीवरची) लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. परतताना दाखला नसेल, तर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.