जुन्या पीसीवर कर्नल बदलताना

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या पेढीवर बिलं काढणारा किंवा उद्यमनगरात लेथशेजारी धूळ खाणारा दहा-बारा वर्षांचा पीसी, वर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम. त्याचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा सिस्टिमचा गाभा, बदलायचा असेल तर आधी ठरवा, जुना कर्नल आठवडाभर काढायचा नाही. ग्रबच्या, म्हणजे चालू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत तो आहे तोवर परतीची वाट उघडी.

प्रोसेसर फक्त 32 बिटचा आहे का ते टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' (lscpu) ही कमांड देऊन बघून घ्या. असला तर डेबियन 12 (मिंटसारखीच लिनक्स सिस्टिम) वरच थांबा; ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने 32 बिट पीसीसाठी कर्नल देणंच बंद केलं. घड्याळ दर वेळी मागं पडत असेल तर सीआर 2032 सेल बदला. तारीख चुकली की पॅकेजची यादीसुद्धा अपडेट होत नाही.

मग जागा. 'डीएफ -एच' चालवून बूटचं वेगळं पार्टिशन दिसतंय का पाहा. एक कर्नल त्याच्या इनिटरॅमएफएससकट (बूट होताना लागणारी मदतनीस फाइल) साधारण 100 ते 150 एमबी खातो, म्हणून 300 एमबी तरी मोकळी हवी. जागा कमी पडली किंवा मध्येच लाइट गेली की इनिटरॅमएफएस अर्धवट राहतं आणि पुढच्या बूटला 'अनएबल टू माउंट रूट एफएस' म्हणत कर्नल पॅनिक होतो, म्हणजे मशीन तिथंच अडकतं. पावसाळ्यात, यूपीएसची बॅटरी मेलेली असताना, हे काम काढूच नका.

कर्नल टाकायला अपडेट मॅनेजरमधलं व्ह्यू, त्यात लिनक्स कर्नल्स. तिथून टाकलं की हेडर्सही (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली) सोबत येतात. लगेच रीस्टार्ट करू नका! घात होतो तो इथं. जुन्या एनव्हिडिया कार्डाचा 340 मालिकेतला ड्रायव्हर किंवा ब्रॉडकॉमचा वायफाय ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं बनवावा लागतो. हे काम डीकेएमएस करतं; ते झालं का बघायला 'डीकेएमएस स्टेटस' द्या. नव्या आवृत्तीपुढं 'इन्स्टॉल्ड' नसेल तर ड्रायव्हर बनलेला नाही. एनव्हिडियाच्या पॅकेजनं लिनक्सचा स्वतःचा नूवो ड्रायव्हर बंद केलेला असतो, त्यामुळं दोन्ही नाहीत आणि स्क्रीन काळी. अशा वेळी एनव्हिडियाचं पॅकेज काढून नूवोवर या, नाहीतर जुन्याच कर्नलवर राहा. बिलिंगच्या मशीनला दुसरा पर्याय बरा.

ग्रबचा मेनू लपलेला असतो. ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलीत टाइमआउट स्टाइल 'मेनू' आणि टाइमआउट 10 करा, मग 'सुडो अपडेट-ग्रब'. विसरलात तर जुन्या बायोसवर चालू होताना शिफ्ट दाबून धरा, नव्या धर्तीच्या यूईएफआयवर एस्केप दाबा.

रीस्टार्टनंतर 'यूनेम -आर'ने आवृत्ती बघा. आवाज, वायफाय, स्लीपमधून उठणं तपासा आणि पेढीवर डॉट मॅट्रिक्सवर एक बिल छापूनच बघा. पॅरलल पोर्टवरचा प्रिंटर गप्प असेल तर 'एलएसमॉड'मध्ये एलपी आणि पारपोर्ट हे ड्रायव्हर आहेत का ते शोधा.

पॅनिक आलाच तर ग्रबमधल्या अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा. त्यातून बूटमधली जागा मोकळी करा, 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के' आणि पुढं नव्या कर्नलची पूर्ण आवृत्ती, शेवटी पुन्हा अपडेट-ग्रब. आठवडा सुरळीत गेला की त्याच लिनक्स कर्नल्सच्या खिडकीतून सगळ्यात जुना काढा. दोन तरी ठेवा.