सर्जिकल नेव्हिगेशन वापरताय? मग निदान या चुका तरी टाळा

नेव्हिगेशन म्हणजे ऑपरेशन चालू असताना हत्याराचं टोक कुठे आहे ते पेशंटच्या स्कॅनवर दाखवणारी सिस्टिम. जळगाव-धुळे पट्ट्यात तिच्या केसेसना उभं राहायचं माझं काम, आणि दर नव्या टीमकडे त्याच त्या चुका बघून डोकं फिरतं, म्हणून लिहितोय.

सगळ्यात डेंजर म्हणजे रजिस्ट्रेशन (स्कॅन आणि पेशंट जुळवणं) झालं की रेफरन्स फ्रेमला (पेशंटला घट्ट बसवलेली खूण) विसरून जाणं. कॅमेऱ्याला पेशंट दिसतच नाही भो, त्याला फक्त फ्रेमवरचे चमकणारे गोळे दिसतात, त्यामुळे मणक्यावरचा क्लॅम्प जरा सरकला तरी सिस्टिमला वाटतं पेशंटच हलला आणि सगळा हिशोब तेवढाच सरकतो, ना बीप ना लाल दिवा. एका स्पाइनच्या केसला असिस्टंटचा कोपर फ्रेमला लागला. "काही नाही, चालस ना भो" म्हणत सर्जन गडी पुढे, ड्रिल हातात. मी म्हटलं सर, एकदा स्पायनस प्रोसेसवर (मणक्याचं पाठीकडे आलेलं टोक) पॉइंटर टेकवा. टेकवला तर टोक हाडावर, आणि स्क्रीनवर तेच टोक हाडाशेजारी मांसात. पेडिकलमध्ये (स्क्रू जातो तो मणक्याचा अरुंद भाग) जागा ती किती, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की गाठ थेट नसांशी. सरांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं, आणि मुकाट्याने परत रजिस्ट्रेशन केलं. मी तर प्रत्येक स्क्रूआधी ओळखीच्या हाडावर पॉइंटर टेकवायलाच लावतो, हातोडी चालली की पुन्हा. तेवढाही धीर नसेल तर सरळ सी-आर्मवर (ऑपरेशन टेबलाजवळचं एक्स-रे मशीन) करा.

दुसरं वेड रजिस्ट्रेशननंतर स्क्रीनवर येणाऱ्या आकड्याचं. "एरर ०.८ आला, मस्त!" अरे, तो आकडा तुम्ही पेशंटवर घेतलेले पॉइंट स्कॅनवरच्या पॉइंटशी किती जुळले तेवढंच सांगतो, टार्गेटवर किती चुकतंय ते नाही. सगळे पॉइंट नाक-कपाळावर आणि ट्यूमर मागच्या बाजूला, मग आकडा कितीही गोड दिसो, मागे घोळ होणारच. पॉइंट डोकंभर पसरून घ्या.

बाकी थोडक्यात. गोळ्यावर रक्त उडालं की पुसा, नाही निघालं तर बदला, आणि एकदाच वापरायचे गोळे धुऊन परत लावायची काटकसर बंद करा. कॅमेऱ्यासमोर उभं राहू नका. कॅमेरा इन्फ्रारेडवर बघतो, उन्हात ते असतंच, आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन तर विचारूच नका, खिडकीला पडदा लावा. कॅमेरा आधीच चालू करून जरा गरम होऊ द्या. कॅमेऱ्याऐवजी चुंबकीय क्षेत्रावर चालणारी इलेक्ट्रोमॅग्नेटिक सिस्टिम असेल तर ते क्षेत्र तयार करणाऱ्या फील्ड जनरेटरजवळ लोखंडी ट्रे नको.

आणि सीटी पातळ स्लाइसचा लागतो, १ मिमीच्या आसपास. हे रेडिओलॉजीवाल्यांना आदल्या दिवशीच सांगा, पेशंट टेबलावर घेतल्यावर फोन करू नका.