मुलांना कादंबरी सुचवताना या चुका टाळा

आठ ते बारा वर्षांच्या मुलाला कादंबरी सुचवणे वरवर सोपे वाटते, कारण सुचवणाऱ्याने त्या वयात काहीतरी वाचलेले असतेच आणि ते त्याला आवडलेलेही असते. घोटाळा तिथूनच सुरू होतो. पुस्तक घरी जाते, चार दिवस उशाशी पडून राहते आणि पन्नासाव्या पानात खूण अडकलेली असतानाच परत येते. मग 'हल्लीची मुले वाचतच नाहीत' असा निकाल लावून सगळे मोकळे होतात. शाळेच्या ग्रंथालयात अशी पुस्तके परत घेता घेता माझे मत असे झाले आहे की, दोष बहुतेक वेळा मुलाचाही नसतो आणि पुस्तकाचाही नसतो. सुचवणाऱ्याने मुलाला जे विचारायला हवे होते, ते विचारलेलेच नसते.

'तुला कोणत्या प्रकारची पुस्तके आवडतात?' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. त्यावर दहा वर्षांचे मूल 'काहीही चालेल' म्हणते किंवा नुकताच कानावर पडलेला एखादा शब्द पुढे करते, कारण आपल्या आवडीला नाव देणे त्याला अजून जमत नसते. अकरा वर्षांच्या एका मुलीने 'रहस्यकथा' असे ठामपणे सांगितले, म्हणून तिला एकापाठोपाठ दोन रहस्यकादंबऱ्या दिल्या. दोन्ही अर्धवट परत आल्या. तिसऱ्या खेपेला तिला एवढेच म्हटले की, तू शेवटपर्यंत वाचलेल्या पुस्तकात काय घडले ते सांग. चोर कोण होता हे तिला आठवेना. मात्र तपास करणाऱ्या दोघी मैत्रिणींनी अबोला का धरला, तो किती दिवस टिकला आणि शेवटी आधी कोण बोलले, हे तिने बारीकसारीक तपशिलासह सांगितले. तिला मैत्रीची गोष्ट हवी होती. रहस्य त्या पुस्तकात सोबतीला होते इतकेच. म्हणून शेवटचे पूर्ण केलेले पुस्तक कोणते आणि त्यातले काय आठवते हे विचारावे, तसेच कोणते पुस्तक मध्येच सोडले हेही विचारावे. आजवर एकही कादंबरी पूर्ण न केलेल्या मुलाला हाच प्रश्न त्याने पाहिलेल्या चित्रपटाबद्दल विचारला तरी काम भागते.

दुसरी चूक म्हणजे पुस्तक किती अवघड आहे हे सांगणाऱ्या वाचन-पातळीच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे. इंग्रजी पुस्तकांसाठी वापरले जाणारे लेक्साइलसारखे मोजमाप प्रामुख्याने वाक्यांची लांबी आणि शब्द किती प्रचलित आहेत एवढेच पाहते. त्यामुळे जॉन स्टाइनबेक यांची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही १९३९ सालची, महामंदीत देशोधडीला लागलेल्या कुटुंबाची प्रौढ कादंबरी अशा मोजमापात चक्क दुसरी-तिसरीच्या मुलांच्या गटात जाऊन बसते. त्यापेक्षा पाच बोटांची जुनी चाचणी बरी: पुस्तकाच्या मध्यावरचे एक पान मुलाने वाचावे, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे, आणि पान संपायच्या आत मूठ वळली तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे. अर्थात विषयाची गोडी असलेले मूल मूठ वळल्यावरही वाचत राहते, आणि त्याला थांबवण्याचे काही कारण नाही.

नायकाच्या वयाकडे मात्र अवश्य पाहावे. या वयातील मुलांना आपल्यापेक्षा एक-दोन वर्षांनी मोठ्या मुलांविषयी वाचायला आवडते. बारा वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांच्या नायकाची गोष्ट दिली, तर ती कितीही चांगली असली तरी त्याला ती 'लहान मुलांची' वाटते.

मालिकेच्या बाबतीत गडबड वेगळी असते. पहिला भाग योग्य आहे म्हणून सगळी मालिकाच योग्य आहे, असे गृहीत धरले जाते. 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग १९९७ मध्ये आला आणि सातवा २००७ मध्ये. त्या दरम्यान नायक अकराचा सतरा वर्षांचा झाला आणि त्याचे पहिले वाचकही दहा वर्षांनी मोठे झाले. आजचे नऊ वर्षांचे मूल तेच अंतर एका सुट्टीत कापते आणि चौथ्या भागाच्या अखेरीस होणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या खुनापर्यंत फार लवकर पोहोचते. बंदी घालून उपयोग नाही, कारण मूल तो भाग दुसरीकडून मिळवतेच. मध्ये दुसरे एखादे पुस्तक द्यावे, किंवा तो भाग मोठ्यांनीही सोबत वाचावा.

आपले लहानपणीचे लाडके पुस्तक द्यायचेच असेल, तर पहिली दोन प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवावीत. जुन्या कादंबऱ्यांची सुरुवात बहुधा संथ असते, आणि तेवढा टप्पा कुणी सोबत पार करून दिला की पुढे मूल एकटे जाते.

इतके करूनही पुस्तक अर्ध्यावरून परत आले, तर खूण कोणत्या पानात आहे ते पाहावे. पहिल्या पंधरा पानांत असेल, तर पात्रांच्या नावांची गर्दी झालेली असते. कोण कोणाचे कोण हे एका चिठ्ठीवर लिहून दिले तर तेच पुस्तक पुन्हा हाती घेतले जाते. चाळीस-पन्नास पानांपर्यंत काहीच घडत नसेल, तर आग्रह सोडून द्यावा. खूण दर दिवशी प्रकरणाच्या मध्येच अडकत असेल, तर प्रकरणे झोपण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात मावत नाहीत असे समजावे आणि पुढच्या वेळी छोट्या प्रकरणांची कादंबरी निवडावी. शेवटची तीस-चाळीस पाने राहिली असताना पुस्तक परत आले, तर त्याला कंटाळा समजण्याची घाई करू नये; गोष्टीतला कुत्रा मरणार असे वाटल्यामुळे वाचन थांबवणारी मुले मी अनेक पाहिली आहेत. अशा वेळी मुलाने विचारले तर शेवट सांगून टाकावा.

परत आलेल्या पुस्तकावर प्रश्नोत्तरे किंवा सारांश मागणे ही चूक इतकी सर्रास होते की तिचा वेगळा उल्लेख करायला हवा. फ्रेंच लेखक डॅनिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाच्या हक्कांची जी यादी मांडली, तिच्यात पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क तिसरा आहे. मी वहीत फक्त खुणेचा पान क्रमांक टिपतो. त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे ३४ आणि ५१ असे दोन आकडे आहेत. तिसऱ्या पुस्तकापुढे आकडा नाही, 'पुढचा भाग आहे का?' हा तिचा प्रश्न लिहिलेला आहे.