अपघाताचा क्लेम: वकिलाकडे येण्याआधी काय जमवाल

मी सातारा जिल्ह्यात वकिली करते आणि माझं बरंचसं काम मोटार अपघातांच्या क्लेमचं आहे. घरचं माणूस दवाखान्यात असताना कागद जमवायला कुणाचं मन लागत नाही, हे मी रोज बघते. पण भरपाई उभी राहते ती त्या पहिल्या काही आठवड्यांतल्या कागदांवरच. म्हणून दवाखान्याच्या धावपळीत नसलेल्या एखाद्या चुलत किंवा मावस भावाने हे काम अंगावर घ्यावं.

गाडीवाल्यावरची पोलीस केस त्याला शिक्षा व्हावी म्हणून असते. भरपाईसाठी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली अपघात दावा न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तिथे निष्काळजीपणा संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही; तसं घडल्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं की पुरतं. त्यामुळे फौजदारीत चालक सुटला म्हणून क्लेम आपोआप बुडत नाही. अपघात खोपोलीजवळ झाला आणि तुम्ही वाईचे असाल, तरी अर्ज आपल्या जिल्ह्यात करता येतो. फक्त फौजदारीच्या निकालाची वाट बघत बसू नका. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

पोलीस ठाण्यातून फिर्याद, स्थळ पंचनामा, समोरच्या गाडीची आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचं लायसन यांच्या नकला घ्या. माणूस गेला असेल तर शवविच्छेदनाचा अहवालही. पंचनामा हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. रस्ता किती रुंद, टायर घासल्याच्या खुणा कुठून कुठपर्यंत, मोटारसायकल कुठल्या कडेला पडली होती, काचा कुठे सांडल्या होत्या, हे सगळं त्यात असतं. विमा कंपनीचे वकील याच ओळींवर बोट ठेवून म्हणतात की चूक दोघांची होती, आणि तसं ठरलं तर तुमच्या वाट्याच्या चुकीइतकी रक्कम कापली जाते. म्हणून गावातल्या कुणी त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढले असतील तर मूळ फोन जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या फोटोंपेक्षा त्याचं वजन जास्त.

पुढचा प्रश्न कमाईचा. नोकरदाराची पगारपत्रकं असतात. गवंड्याने, हमालाने काय दाखवायचं? ठेकेदाराची हजेरीवही, बँकेतल्या आणि फोन-पेवरच्या नोंदी, सोबत काम करणाऱ्याची साक्ष. गृहिणीची कमाई शून्य धरा, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. घरकामाला पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कीर्ती यांच्या प्रकरणात ठामपणे सांगितलं आहे.

अपंगत्वाच्या दाखल्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. डॉक्टर टक्केवारी लिहितात ती शरीराची. न्यायाधिकरणाला बघायचं असतं ते कमाई किती बुडाली. समजा ३४ वर्षांच्या गवंड्याचा खांदा मोडला आणि दाखल्यात १५ टक्के आले. हात खांद्याच्या वर जात नसेल तर छताचा गिलावा त्याच्याकडून होणार नाही, पाटी डोक्यावर चढणार नाही. डॉक्टरांच्या साक्षीत हे नेमक्या शब्दांत आलं पाहिजे. आता हिशेब बघा. महिना १७,५०० म्हणजे वर्षाला २,१०,०००. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा चाळिशीच्या आतला माणूस असेल तर पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे २,९४,०००. या वयाला गुणक १६, म्हणजे वर्षाच्या कमाईला १६ ने गुणायचं. कमाईचं नुकसान १५ टक्के धरलं तर ७,०५,६०० होतात. ३० टक्के पटवून देता आलं तर १४,११,२००. औषधोपचार आणि वेदनेची रक्कम याखेरीज. एका साक्षीने एवढा फरक पडतो.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी हात हलवत परत येऊ नका. मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळण्याची सरकारी योजना आहे. त्याचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात चौकशी करून भरा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तडजोडीचा निरोप बहुतेक वेळा लवकर येतो, घरात पैशाची ओढ असते तेव्हा. तडजोड वाईट नसते. लोकअदालतीत पैसे लवकर हातात पडतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी वरच्यासारखा हिशेब वकिलाकडून कागदावर मांडून घ्या, आणि अजून एखादं ऑपरेशन, सळई काढणं वगैरे बाकी असेल तर डॉक्टरांकडून त्याचा अंदाजी खर्च लिहून आणल्याशिवाय आकडा मान्य करू नका.